बुलबुलचे श्वास

दोघी बहिणी एकाच आठवड्यात जन्मल्या, तर त्यांच्यातली एक म्हातारी आणि दुसरी तरुण कशी असेल? ऋजुताला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

बहिणी म्हणजे माणसं नव्हेत बरं का. कारवाडीच्या माळावर, धावपट्टीच्या कडेला शेजारीशेजारी उभी असलेली दोन जुनी प्रवासी विमानं, बुलबुल आणि मैना. दोघींना पुढे दोन पंखे, आत चाळीसेक माणसांची जागा. एका कारखान्यात, एका साच्यावर घडलेल्या. ऋजुताची आई या धावपट्टीची प्रमुख, त्यामुळे ऋजुता या दोघींच्या सावलीतच खेळत मोठी झाली होती.

आकाशात आता सगळीकडे विजेची विमानं भिरभिरत असत. पण सातपुड्यातल्या दवाखान्यांना औषधं पोचवायची, तर लांबचा पल्ला गाठणारं, खडबडीत पट्टीवर न कुरकुरता उतरणारं विमान हवं होतं. उसाच्या मळीपासून केलेल्या इंधनावर ही जुनी इंजिनं झकास चालतात, असं सिद्ध झालं होतं. म्हणून दोघींपैकी एकीला पुन्हा आकाशात पाठवायचं ठरलं. दुसरीचे तुकडे करून ती भंगारात जाणार होती.

ऋजुताला बुलबुलच उडायला हवी होती. बुलबुल तिची होती. मागच्या दाराजवळच्या खुर्चीत बसून ती पाढे शिकली होती. पहिलीत असताना तिने त्या दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात स्वतः काढलेलं बुलबुलचं चित्र चिकटवलं होतं. पक्षी थोडा बटाट्यासारखा झाला होता, पण शेपटीखालचा लाल रंग अगदी बरोबर होता.

निवाडा करायला तिचे नानाच आले. आईचे वडील. ते धातुशास्त्रज्ञ (धातूंचे गुण आणि दुखणी ओळखणारे) होते, आणि त्यांच्याबरोबर होता ठोक्या. ठोक्या म्हणजे कासवाएवढा, सहा पायांचा यंत्रमानव. तो विमानाच्या पोटावर, पाठीवर, आतून, बाहेरून पालीसारखा फिरायचा आणि इंचाइंचावर थांबायचा.

तो नेमकं करतो काय, असं ऋजुताने विचारलं. नाना म्हणाले, आई बाजारात माठ घेताना काय करते ते आठव. आई टिचकी मारते. खणखणीत वाजला तर माठ धड, बद्द वाजला तर कुठेतरी चिरलेला. ठोक्याही टिचकीच मारतो, फक्त त्याची टिचकी श्राव्यातीत (इतक्या वरच्या पट्टीतली की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही) असते. तो आवाज धातूतून सरळ पुढे जातो, आणि वाटेत भेग लागली की तिथूनच माघारी फिरतो. लवकर परत आला, की ठोक्याला कळतं, इथे काहीतरी आहे.

दुपारपर्यंत ठोक्या दोन्ही विमानं फिरून आला, दोघींच्या उड्डाणांच्या जुन्या नोंदी त्याने चाळल्या आणि म्हणाला, "मैना तरुण आहे. बुलबुल म्हातारी आहे."

ऋजुताला राग आला. मैना बुलबुलच्या दुप्पट तास उडाली होती, हे तिला आईकडून माहीत होतं. शिवाय मैनाचा रंग उडालेला, आणि बुलबुल तर तिने दर रविवारी फडक्याने पुसून लख्ख ठेवलेली.

"नाना, हा बिघडलाय," ती म्हणाली.

"मी बिघडलेलो नाही," ठोक्या म्हणाला. "सकाळीच माझी तपासणी झाली. ऋजुताताई, तुमची झाली आहे का?"

नाना मिशीत हसले. मग त्यांनी ऋजुताला विमानाच्या शिडीवर शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, महाबळेश्वरला जाताना वेफर्सच्या पाकिटाचं काय होतं?

"फुगतं. दादा म्हणतो, त्यात भूत शिरतं."

भूत नाही, नाना म्हणाले. उंचावर बाहेरची हवा विरळ होते, म्हणून पाकिटातली हवा त्याला आतून बाहेर ढकलते. विमान तर घाटाच्या कितीतरी वर जातं. तिथल्या विरळ हवेत माणसं गुदमरतील, म्हणून आत हवा दाबून भरतात. मग विमानाचा पत्रा त्या पाकिटासारखा किंचित ताणला जातो. डोळ्यांना दिसत नाही इतका किंचित. खाली उतरलं की पुन्हा सैल पडतो.

"म्हणजे विमान श्वास घेतं," ऋजुता म्हणाली.

"हां. वर गेलं की आत, खाली आलं की बाहेर. एका उड्डाणाला एक श्वास. मग ते अर्धा तास उडो नाहीतर पाच तास."

मैना लांबच्या गावांना जायची. सकाळी निघाली की जेवणवेळेला पोचायची, दिवसाकाठी दोनच श्वास. बुलबुलचं काम होतं किनाऱ्यावरून माळावर, माळावरून किनाऱ्यावर. चहाचा कप संपेपर्यंत उतरायची वेळ व्हायची. दिवसातून दहादा श्वास आत, दहादा बाहेर. पुन्हापुन्हा ताणलं आणि सैल सोडलं, की धातू आतून हळूहळू कमजोर होतो. त्याला म्हणतात धातूचा थकवा. मग कुठेतरी केसाएवढी भेग पडते, आणि पुढचा प्रत्येक श्वास तिला थोडी थोडी वाढवतो.

 ऋजुताने हळूच विचारलं, भेग सापडली का?

"सापडली नाही," ठोक्या म्हणाला. "पण एक जागा बघायची राहिली. मागच्या दाराच्या कोपऱ्यात चित्र आहे. चित्राला धक्का लावू नकोस, असं मला ऋजुताताईंनी सांगितलं आहे."

हे खरं होतं. सकाळी तिनेच त्याला दटावलं होतं.

 नाना रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की तेवढी जागा पाहिल्याशिवाय मी होही म्हणणार नाही आणि नाहीही. मला उद्या दुपारी निघायचंय. तोवर तू ठरव.

एक छोटीशी जागा. बाकी सगळं विमान धड आहे, तर तिथेच बरी भेग असेल! ऋजुता रात्री झोपेपर्यंत स्वतःला हेच सांगत होती.

सकाळी आई डबा भरत होती आणि नेहमीप्रमाणे पुटपुटत होती. दोघांचे डबे एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले. दादाचा अजून नव्यासारखा, आणि हिच्या डब्याची क्लिप बघा, तुटायला आली.

"ती दर तासाला उघडून बघते, भाजी कोणती आहे ते," दादा म्हणाला. "जसं काही मधल्या वेळात भेंडीची जिलबी होणार आहे."

ऋजुताने डबा हातात घेतला. दादा दिवसातून एकदाच उघडतो. आपण सहादा. डबा तोच, वय तेच, श्वास वेगळे. तिने क्लिप उजेडात धरली. मधला भाग चांगला भक्कम होता. पांढरी रेघ उमटली होती ती फक्त वळणावर, अगदी कोपऱ्यात. जिथे क्लिप वाकते, तिथेच सगळा ताण गोळा होत होता.

कोपऱ्यात.

तिने डबा ओट्यावर ठेवला आणि ती तशीच बुलबुलकडे पळाली. मागच्या दाराजवळच्या खुर्चीवर चढली. बटाट्यासारखा पक्षी तिच्याकडे बघत होता. हे चित्र असंच राहिलं, तर बुलबुलचं काय होईल ते तिला समजलं होतं. आणि डॉक्टरांची औषधं घेऊन कुणीतरी बुलबुलमध्ये बसलेलं असेल, तेव्हा काय होईल, तेही.

तिने नखाने चित्राची कड उचलली. ते फाटू नये म्हणून सावकाश सोडवलं.

"ठोक्या," तिने हाक मारली. "ये. इथे बघ."

ठोक्या आला, थांबला. बराच वेळ थांबला.

"भेग आहे," तो म्हणाला. मग त्याने न विचारता आणखी एक वाक्य जोडलं, "मला वाईट वाटण्याची सोय नाही, ऋजुताताई. असती, तर वाटलं असतं."

नाना धापा टाकत शिडी चढून आले, तेव्हा ऋजुता डोळे पुसत होती. "मी तिला भंगारात पाठवलं," ती म्हणाली.

"तू तिला पडण्यापासून वाचवलंस," नाना म्हणाले आणि खुर्चीत टेकले. "आता मला सांग, भेग कशाने वाढते?"

"श्वासाने."

"आणि जमिनीवर उभं असलेलं विमान श्वास घेतं का?"

ऋजुताने मान वर केली. नाही घेत. आतली हवा आणि बाहेरची हवा सारखीच. ताण नाही, तर भेगही जागच्या जागी राहणार. गंज चढू दिला नाही, तर बुलबुल किती वर्षं उभी राहील! आणि तिच्यात चाळीस जणांना पुस्तकं वाचत बसता येईल. माळावरच्या शाळेला वाचनालय नव्हतंच.

तिने हे सगळं एका दमात आईला सांगितलं. आईने आधी डबा शाळेच्या पिशवीत टाकला, मग फोन करायला घेतले.

बुलबुलचे तुकडे झाले नाहीत. तिचे पंखे आणि चाकं मात्र काढून मैनाला बसवली, कारण त्यांचं वय वेगळं मोजतात आणि ती अजून तरुण होती. बुलबुल शाळेच्या मागे चिंचेखाली विसावली.

मैना औषधं घेऊन पहिल्यांदा निघाली, तेव्हा ऋजुता बुलबुलमधल्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत होती. चित्र तिने पुन्हा चिकटवलं होतं, पण या वेळी भेगेच्या शेजारी, भेग झाकणार नाही असं. मैनाचं उड्डाण बघायला पुन्हा आलेले नाना सांगत होते, भेग पडली की आपली आपण भरून काढणारा धातू बनवायची खटपट चालू आहे, आपल्या कातडीवरची जखम भरते तशी. अजून कुणाला नीट जमलेलं नाही.

"मग मी मोठी होईपर्यंत थांबायला सांगा त्यांना," ऋजुता म्हणाली.

वरून बुलबुलच्या पंख्यांचा आवाज गेला. ऋजुताने खिडकीला नाक लावलं आणि मैनाचा श्वास मोजला. एक.