होडीवाल्या आजींची मुलाखत

शाळेनं थोरलीला आपल्या भागाचा इतिहास शोधून आणायला सांगितला होता; म्हणजे अर्थातच मला. दुपार होती. थोरली शाळेत, धाकटा आतल्या खोलीत पाळण्यात. मी फोन ओट्यावर टेकवला आणि भांडी पुसता पुसता शोधू लागले. एका संकेतस्थळावर नुसत्या सनावळ्या, एकावर नकाशा उघडेचना, बाकी सगळीकडे एकाच मजकुराची नक्कल. शेवटी विद्यापीठाच्या संग्रहात जुन्या माणसांच्या मुलाखती सापडल्या, ऐकायच्या. पूल होण्याआधी आमच्या नदीवर होडी चालवणाऱ्या एक आजी बोलत होत्या. खाली टीप होती : प्रश्न गाळले आहेत, फक्त उत्तरं ठेवली आहेत. म्हणून प्रत्येक उत्तराआधी थोडी शांतता, आणि त्या शांततेत पाण्याचा चुबुक चुबुक आवाज.

बाळंतपणापासून मला एकटीनंच बोलायची सवय लागली आहे. "होडीत माणसं किती बसायची हो?" मी पुटपुटले.

"मावतील तेवढी."

मला हसू आलं. प्रश्न बरोबर बसला होता. "भीती नाही वाटायची?"

"पाण्याची नाही. रिकामं परतायची वाटायची."

हसू तिथंच थांबलं. योगायोग, मी स्वतःला बजावलं. शिकलेली बाई आहेस. पण स्वयंपाकघरात कुजक्या लाकडाचा वास येऊ लागला होता. तेवढ्यात आत बाळ कुरकुरलं.

"आले रे," मी म्हणाले.

शांतता. मग फोनमधून, अगदी मायेनं, "राहू दे… तू काम आटप. मी बघते…"

कुरकुर थांबली.

मी धावले. बाळ जागेवर होतं, गरम होतं, श्वास घेत होतं. पाळणा मात्र हलत होता, कुणीतरी नुकताच हात काढून घेतल्यासारखा. त्यानंतर मी त्याला खाली ठेवलंच नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. आधी झोप पूर्ण कर, मग भुतं बघ, असं म्हणत त्यानं इअरफोन कानात घातले. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"गाळलेलं कुठं काय आहे? प्रश्न आहेत की सगळे," तो म्हणाला. "अगं, तुझाच आवाज आहे."

मी एक इअरफोन घेतला. होडीत माणसं किती, भीती वाटायची का… माझाच थकलेला आवाज. आणि शेवटी एक प्रश्न, जो मी विचारलाच नव्हता. शपथेवर सांगते, नव्हता विचारला.

"आजी… याला न्यायला कधी येताय?"

"मी कशाला येऊ?" आजी म्हणाल्या. "तूच आणशील."

नवऱ्यानं माझ्या कडेवरून बाळ घेतलं. मीही दिलं. मग तो माझ्या पायांकडे बघत राहिला.

"तू आज बाहेर गेली होतीस का?" त्यानं हळूच विचारलं.

मी दिवसभर घराचा उंबरा ओलांडला नव्हता. माझा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला होता, आणि चिखल अजून ओला होता.