खंडित गाडीचा दसरा

गोदामातल्या गाडीवरची ताडपत्री कुणीतरी खसकन ओढली आणि विजयमालेच्या अंगावर दारातून एकदम ऊन आलं. ताडपत्रीच्या फटीतल्या उजेडात वाचत असलेली कादंबरी हातातून निसटली, तोंडातली चिंच तशीच राहिली. समोर एक उंच, सावळा तरुण हातात पाना घेऊन उभा होता... तिच्याइतकाच दचकलेला.

"गाडीत काय काय कमी हाय ते मालकानं सांगतलं होतं," तो म्हणाला. "जास्तीचं काय हाय ते नाही सांगतलं."

"मी मालकाची पोरगी हाय!"

"मंग तं लई जपून उतरवा लागन."

दाराला हँडलच नव्हतं. एरवी ती उडी मारून बाहेर पडायची, पण परक्या माणसासमोर पातळ सावरत उडी कशी मारायची? त्यानं हँडलच्या भोकात पेचकस घालून दार उघडलं आणि तो पाठ फिरवून उभा राहिला. खरं तर त्याच्यावर चिडायचं तिनं ठरवलं होतं. त्या पाठ फिरवण्यानं सगळा घोटाळा केला.

त्याचं नाव शालिग्राम. अनसिंग गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, अकोल्याच्या गॅरेजात काम शिकलेला. दोन माणसांची ती उघडी, लाल विलायती गाडी विजयमालेच्या वडिलांनी, माणिकरावांनी, नागपूरच्या एका साहेबाकडून हौसेनं घेतली होती. पुढे दुष्काळ आला, गाडी किन्हीराजा गावातल्या त्यांच्या गोदामात पडून राहिली आणि चकाकणारं जे जे होतं ते कुणी कुणी काढून नेलं. इंजिन अकोल्याच्या मिस्त्रीनं सुरू करून दिलं होतं. उरली होती बारीकसारीक वस्तूंची उणीव. पुढच्या दिव्याची रिंग, दाराचं हँडल, गिअरच्या दांड्यावरची मूठ, बाजूची निकेलची पट्टी.

या वस्तूंवाचून गाडी चालली असती. पण माणिकरावांच्या थोरल्या बहिणीनं, प्रयागबाईंनी, एकदा सहज म्हटलं, "खंडित मूर्तीले हळदकुंकू लावत नाहीत रे मानक्या." झालं! दसऱ्याला गाडीची पूजा करायची ती सगळी भरून आल्यावरच, आणि मग त्याच गाडीनं रिसोडला जाऊन विजयमालेच्या लग्नाचा शब्द द्यायचा, असं माणिकरावांनी मनात पक्कं केलं. त्यांच्या मनातलं पक्कं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रिसोडचा मुलगा कसा होता ते विजयमालेला ठाऊक नव्हतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

चहा द्यायला म्हणून ती गोदामात जायची आणि चहा निवेपर्यंत थांबायची. शालिग्राम दिव्याचा घेर दोऱ्यानं मोजायचा, तेव्हा दोऱ्याचं दुसरं टोक तिच्या हातात असायचं.

"सैल नका सोडू, बाईसाहेब. माप चुकन."

"चुकू द्या की. मंग पुन्हा मोजाल."

तो खाली मान घालून हसायचा. दोरा मात्र थरथरायचा... कुणाच्या बाजूनं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

हँडल अकोल्याच्या भंगारबाजारात मिळालं. मूठ गावच्या सुतारानं बाभळीच्या लाकडाची घडवून दिली. रिंग आणि बाजूची पट्टी वाशिमच्या तांबटानं पितळेची ठोकली आणि दोन्हींवर अकोल्यात निकेल चढलं. एकेक वस्तू बसत गेली, गाडी सजत गेली, आणि विजयमाला दसऱ्याला उरलेले दिवस मोजू लागली. शेवटी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी शालिग्रामनं रिंग बसवली, फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "झाली पुरी."

"मंग तुमी?"

"उद्या पूजा झाली का जातो. अकोल्याले काम पडलं हाय."

तो तिच्याकडे न बघता म्हणाला. तिला त्याचा भयंकर राग आला. एवढं सगळं याला जुळवता येतं, आणि एक वाक्य जुळवता येत नाही?

दिवेलागणीला ती गोदामात शिरली. रिंगेच्या खाली एक स्क्रू होता, तो कसा फिरवायचा ते तिनं कितीदा पाहिलं होतं. त्याचाच पेचकस तिनं उचलला. रिंग हातात आली आणि दारात खोकला ऐकू आला.

"कोण हाय?" म्हातारा जगदेव, गोदामाचा राखणदार.

"मी हाय, काका. फडकं राह्यलं होतं." रिंग तिनं पदराखाली धरली होती. जगदेवनं पदराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. ती पळतच घरात आली आणि रिंग ज्वारीच्या कणगीत खुपसली. आता गाडी खंडित. उद्या पूजा नाही, रिसोड नाही. आणि तो... तो थांबेल.

सकाळी झेंडूची माळ घेऊन माणिकराव गोदामात गेले आणि त्यांचा आवाज अख्ख्या वाड्याला ऐकू गेला. एक वस्तू नव्हे, दोन गेल्या होत्या! दिव्याची रिंग आणि गिअरची मूठ. विजयमालेनं तर फक्त रिंग काढली होती. मूठ कोणी नेली?

"किल्ली तुह्याच कमरेले होती, जगदेव!" माणिकराव ओरडले. "सणाच्या दिवशी माह्या घरात चोरी? चालता हो. पुन्हा तोंड दाखवू नको!"

जगदेवनं एकदाच विजयमालेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिचं नाव त्यानं घेतलं नाही. कमरेची किल्ली सोडून तो जमिनीवर ठेवायला वाकला. तिनं तोंड उघडलं, पण त्याआधी शालिग्राम पुढे झाला होता.

"काकाले काही बोलू नका, मालक. मी काढलं."

माझा आळ स्वतःवर घेतोय हा! पोलीस नेतील याला, सगळा जन्म चोर म्हणतील... विजयमालेला पुढचं काही सुचलंच नाही.

"खोटं बोलून राह्यले हे!" ती ओरडली. "रिंग मी काढली, बाबा!"

धावत जाऊन तिनं कणगीतून रिंग आणली आणि सगळ्यांसमोर धरली. रिंगेला ज्वारीचे दाणे चिकटले होते. शालिग्राम तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं हळूच खिशात हात घातला आणि बाभळीची मूठ बाहेर काढली.

"मी... हिच्याबद्दल बोलून राह्यलो होतो," तो म्हणाला.

विजयमालेला वाटलं, आता धरणी दुभंगावी. पण तिच्या छातीत काहीतरी उसळून वर येत होतं, आणि ती लाज नव्हती. यानंही! यानंही तेच केलं होतं!

"काहून?" माणिकरावांचा आवाज एकदम खाली आला होता. तोच जास्त भीतीचा.

"गाडी पुरी झाली का ह्यांचं लगन ठरणार होतं, मालक. माह्या हातून ते... होईना."

"अन् तू?"

"हे जातीन म्हणून," विजयमाला म्हणाली.

"गाडीचे पार्ट चोरणाऱ्याले पोरगी देऊ मी?"

"पोरगी बी चोरच निघाली नं, बाबा. आता तिले दुसरं कोण घेईन?"

प्रयागबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, ते माणिकरावांना कळेना. "रिसोडले शब्द गेला काय तुहा?" बहिणीनं विचारलं.

"आज देणार होतो."

"मंग दिला नाही. दिला असता तं मीच पोरगी दामटून बोहल्यावर चढवली असती."

माणिकराव बराच वेळ गाडीभोवती फिरले. मग वाकून त्यांनी किल्ली उचलली, जगदेवच्या हातात दिली आणि ते हात तसेच धरून ठेवले. "चुकलो बुवा," एवढंच म्हणाले. आणि मग त्या दोघांवर खेकसले, "पाहून काय राह्यले? बसवा ते! पूजेची येळ टळून राह्यली."

विजयमालेनं रिंग धरली, शालिग्रामनं स्क्रू फिरवला. दोघांची बोटं एकमेकांत अडकत होती आणि या वेळी कोणी मागे घेत नव्हतं.

मूठही बसली, नारळ फुटला. माणिकराव चाकामागे बसले आणि शेजारच्या जागेवर हात आपटून म्हणाले, "बैस रे."

शालिग्राम जागचा हलेना. "कुठी, मालक?"

"रिसोडचा रस्ता मले येते. अनसिंगचा नाही येत. तुह्या बापाले भेटतो, मंग ठरवतो. आतापासून हुरळू नको."

गाडी फाटकापाशी पोचली तेव्हा विजयमालेला राहवलं नाही. ती मागे धावली. "दिवस बुडायच्या आत या! सोनं द्याले!"

"येतोच हाय नं मी!" माणिकराव मान न वळवता ओरडले.

"तुमाले नाही म्हटलं, बाबा!"