साधं विरजण

पडद्यावरच्या आलेखातल्या दोन रेघा एकमेकींवर अशा चपखल बसल्या होत्या, की डॉ. शर्मिष्ठा चौगुलेला चष्मा पुसून पुन्हा पाहावं लागलं. फरक नव्हता. इतक्या वर्षांच्या खटाटोपाचं फळ शून्य!

"म्हणजे दूध निर्दोष," सहकारी डॉ. इरफान मुजावर म्हणाले.

"पुन्हा एकदा सांगा. माझं डोकं चालेना."

"दुधात वाढीचा निरोप देणारी रसायनं असतात. वासराला ती हवीतच. आपला संशय असा, की माणसात तोच निरोप कर्करोगाच्या पेशीही ऐकतात. म्हणून आपण निरोपभक्षी जिवाणू घडवला. त्यानं लागलेल्या दह्यात निरोप उरत नाही. तुमच्या गावात वरच्या आळीला ते विरजण दिलं, खालची आळी साध्या दह्यावर. दूध दोषी असतं तर खालच्या आळीत गाठी जास्त निघाल्या असत्या."

खालच्या आळीत शर्मिष्ठाचे वडील राहत. पौरुषग्रंथीची, म्हणजे प्रोस्टेटची, कर्करोगाची गाठ काढल्यापासून आप्पा दर घासाला घाबरत दही खात आणि फोनवर एकच विचारत, खाऊ का सोडू? तिनं हरखून फोन लावला.

"आप्पा, खुशाल खा दही!"

"बरं झालं बाई. आमचं परवा बिघडलंय. आता हौसावहिनींकडनं विरजण आणतो."

"वरच्या आळीतल्या हौसाकाकू?"

"मग! कायम तिथनंच आणतोय की. सगळी आळीच आणतीया. त्यांचं कसं घट्ट लागतंय!"

शर्मिष्ठानं फोन ठेवला. संशोधकांनी माणसं तपासली होती, भांडी कोणी तपासली नव्हती. चमचाभर विरजण रात्रीत भांडंभर होतं, हे तिला का शिकवायला हवं होतं? खालच्या आळीतून नमुने आले. निरोपभक्षी दिसला की निळा होणारा कागद प्रत्येक भांड्यात निळा झाला. दोन्ही आळ्या एकच दही खात होत्या. आता दूध दोषी की निर्दोष, कुणाला ठाऊक!

"नव्यानं सुरुवात करू," मुजावर म्हणाले. "मूळचं साधं विरजण काढा."

ते कुणी जपलंच नव्हतं. साधं दही काय, कुठंही मिळेल, असं सगळ्यांनी धरलेलं.

तेवढ्यात आप्पांचा फोन आला. गावभर बोभाटा झाला होता.

"मग पोरी, खाऊ का सोडू?"

"माहीत नाही, आप्पा." हे बोलताना तिला रडू आलं.

"अगं, रडतीस काय? तुझ्या घरात साधं असंल की. चमचाभर पाठव, तेच लावतो."

तिनं डब्यातल्या दहीभाताला कागद लावला. निळा! हे विरजण गेल्या दिवाळीत गावाहून निघताना आईनंच बांधून दिलं होतं. तिनं ते प्रयोगशाळेच्या कॅन्टीनला दिलं होतं, शेजारणींना दिलं होतं.

मुजावर आपल्या डब्याचं झाकण लावत होते. त्यांच्या बेगमनंही तिच्याकडूनच नेलं होतं.

"पाठवशील न्हवं?" आप्पा विचारत होते.