यादीत नसलेला श्रोता

तो पहिल्यांदा आला, तो चुकून सर्व्हरच्या खोलीत. हातात पांढरी काठी, खांद्यावर पियानो जुळवायच्या हत्यारांची पिशवी आणि ओठांवर असं हसू, की सर्व्हरवालीचा जीव तिथल्या तिथं… जाऊ दे!

"ग्रंथालयाची बोलकी पुस्तकं मला उघडत नाहीत हो," तो म्हणाला होता.

काम साधं होतं. पुस्तकांची ती वेबपानं फक्त 'श्रोते' या गटाला खुली असत. गटाच्या यादीत त्याचं नाव घातलं, की झालं. पण मग तो परत कशाला येणार? म्हणून बाईसाहेब तीन आठवडे "उद्या बघू" म्हणत वेळ मारून नेत होत्या. तोही रोज चारला यायचा, तासभर गप्पा मारून जायचा.

आज मात्र भलतंच घडलं. ही पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या मावशी सहा महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. त्यांचं बंद करायचं राहून गेलेलं खातं तिनं सकाळीच बंद केलं. आणि आता नोंदी चाळते, तर मावशींच्याच नावानं रोज साडेतीनला एक पुस्तक उघडलेलं. कालही… आणि आजही!

दार वाजलं. ती केवढ्यांदा दचकली! पण तोच होता.

"ऐका ना," ती घाईघाईनं म्हणाली, "तुमचं नाव मी मुद्दाम घातलं नाही. तुम्ही यायचे थांबाल म्हणून… रागावलात?"

तो हसला. "पुस्तक मला दुसऱ्याच दिवसापासून उघडतंय."

"मग रोज तक्रार कसली आणत होतात?"

"तुमचं 'उद्या बघू' ऐकायला."

तिचे कान तापले. पुढच्याच क्षणी तिला त्या नोंदी आठवल्या. "पण… कुणाच्या नावानं उघडता?"

"नाव विचारतच नाही. मावशी 'ये, बस' म्हणतात आणि वाचायला लागतात. प्रकरण संपलं, की विचारतात, 'तिला सांगितलंस का रे?'"

तिनं तेच रेकॉर्डिंग लावलं. शेवटचं वाक्य, पान उलटल्याची सळसळ… मग नुसती शांतता.

"आत्ता विचारलं," तो हळूच म्हणाला.

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. अंगावर सर्रकन काटा आला. पळून जावंसं वाटलं. पण टेबलावरून चाचपडत त्याचा हात आला, आणि तिनं तो घट्ट धरला. उबदार होता. तिला फार बरं वाटलं.

"मग सांगा ना त्यांना, काय ते."

"त्यांना नाही, तुला सांगायचंय. आवडतेस मला… फार."

"मलाही," ती म्हणाली. "कधीपासून!"

रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. त्यात खुर्ची सरकली. कुणीतरी उठलं, सावकाश चालत गेलं आणि जाताना दार अलगद ओढून घेतलं.

या वेळी तिनंही ऐकलं.