दोडक्यावरचे लाल, गवतावरचे चट्टेरी

कुंपणाशी वाकून एक अनोळखी माणूस गाजरगवतावरचे भुंगेरे मोजत होता. दोडक्याचं चाळणी झालेलं पान मी रागानं त्याच्यापुढे धरलं.

"हे माझ्या भुंगेऱ्यांचं काम नाही हो," तो हसला.

मी गप्प. तो गोंधळला, मग अडखळत कानडीत म्हणाला, "ऊट... आयता?"

जेवण झालं का म्हणे! श्रावणी सोमवारच्या उपासाला! हसू दाबत मी आत पळाले.

दुसऱ्या दिवशी मीच बोलले, "मला मराठी येतंय की हो! सोमवारी पूजा होईस्तोवर मौन असतं माझं."

"अन् मी मोबाइलवर कानडी शिकायला लागलो, ते वाया?"

दिग्विजय करमाळ्याचा, भुंगेऱ्यांच्या अभ्यासासाठी आमच्या गावी, कुंभारीला आलेला. रोज सकाळी यायचा. वडील, अप्पा, गेल्यापासून मी घरात एकटी. मौन कधी जड गेलं नव्हतं. बोलायला होतं कोण? आता मात्र सोमवारची सकाळ सरता सरेना.

"दानेश्वरी, हा लाल भुंगेरा बघा," तो मला दाखवायचा. "दोडका, काकडी, भोपळा... दिसेल त्या वेलावर जातो. माझा चट्टेरी फक्त गाजरगवतावर. पाऊस सरला की मातीत शिरतो, पुढच्या पावसापर्यंत एकटाच."

"इतके महिने? करमतं त्याला?"

"तुम्हाला करमतं?"

मी दोडके तोडत राहिले.

कार्तिकात चट्टेरी दिसेनासे झाले. एका सोमवारी सकाळीच तो आला, पाठीला बॅग.

"काम संपलं. आई स्थळं बघतीय... तुमचं नाव सांगू? बोलू नका, नुसती मान हलवा."

मी मान डुलवली — इकडून तिकडे, हळूच.

त्याचा चेहरा उतरला. "बरं... येतो," म्हणून तो फाटकाकडे वळला.

असं काय? आमच्या कानडी घरात मान अशी डुलली की 'हो' असतं! करमाळ्याच्या माणसाला कोण सांगणार? त्यानं गाडीला किक मारली. अकरा वर्षं न मोडलेलं सोमवारचं मौन... देवा, माफ कर.

"थांबा!" माझाच आवाज मला परका वाटला. "अहो, 'हो' म्हणाले मी! आमच्यात अशीच हलते मान!"

गाडी बंद पडली. की त्यानंच केली, कोण जाणे.

त्या दिवशी पूजेला उशीर झाला. मी बेल वाहिला. बाहेर ओट्यावर कुणीतरी बसलं होतं, माझी पूजा संपायची वाट बघत.