पडीक लिहिलेला माळ

हरकतींची मुदत उद्या संध्याकाळी पाचला संपणार होती. त्याआधी सिदोबाचा माळ जिवंत आहे याचा पुरावा आणायचा, एवढ्यासाठी उत्कर्षा त्या उन्हाच्या भट्टीत उतरली होती.

मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेला हा सहाशे एकरांचा माळ. प्रादेशिक योजनेच्या नव्या नकाशात त्याला जांभळा रंग दिला होता. जांभळा म्हणजे कारखाने. कारण काय, तर जमीन पडीक! तीन पिढ्या ज्या गवतावर मेंढरं पोसली, ते गवत कागदावर नव्हतंच. आता कुणी कितीही संतापलं तरी नगररचनेच्या कचेरीला संताप चालत नाही, कागद लागतो.

आणि 'पडीक' हा शब्द लिहिला होता खुद्द उत्कर्षानं. ती त्याच कचेरीत रचना सहायक. दोन वर्षांपूर्वी पंख्याखाली बसून, मे महिन्यात उपग्रहानं टिपलेल्या चित्रावरून तिनं तो शब्द लिहिला. मे महिन्यात इथं सगळंच पिवळं दिसतं. तक्त्याच्या पुढच्या रकान्यात 'प्रत्यक्ष पाहणी' असं छापलेलं होतं. त्यात तिनं बिनदिक्कत 'केली' लिहिलं. दीडशे गट नंबर उरकायचे होते, कोण बघतंय! तो शब्द गेले महिनाभर तिला झोपू देत नव्हता, आणि हे तिनं सोबतच्या दोघांनाही सांगितलं नव्हतं.

सोबत होता अद्वैत, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा तिचा वर्गमित्र, गळ्यात भलामोठा कॅमेरा. आणि वाट दाखवायला बिरप्पा. साठीचा धनगर, खांद्यावर घोंगडं, बोलणं मोजकं आणि तेही तिरकस.

"लांडग्याचं बीळ दावतो," तो निघताना म्हणाला होता. "पर म्याडम, तुमच्या कचेरीतलं कुणी हितं आजवर आलं न्हाय. आज कसं काय आठवन झाली?"

उत्कर्षानं पिशवी खांद्याला अडकवली.

डांबरी सडक संपली तिथं एक जीप उभी होती. सावलीत धोंडप्पा बसला होता, जमिनीचा दलाल. त्यानं निम्मा माळ कारखानदारांना आधीच बोलून ठेवला होता. "ऊन लई हाय म्याडम," तो गोड हसून म्हणाला. "माघारी जावा. हितं काय हाय बगन्यासारखं?" बोलता बोलता त्याच्या माणसानं त्यांच्या गाडीतून उतरवलेला पाण्याचा कॅन लाथेनं आडवा केला. वीस लिटर पाणी मुरुमात जिरलं. माफी नाही, काही नाही. तिघांच्या पिशव्यांत मिळून चार बाटल्या उरल्या.

"चला," उत्कर्षा म्हणाली.

माळ काही त्यांच्यावर खूश नव्हता. कुसळं सलवारीतून आत शिरून पोटऱ्यांना टोचत होती. मुरुमाची धग बुटांच्या तळव्यातून वर येत होती. झाड म्हणावं तर एखादी खुरटी हिवराची काटेरी जाळी, आणि वारा असा की बाटलीचं झाकण उघडेपर्यंत ओठ सुकावेत. दहा वाजता पहिली बाटली संपली. अकराला अद्वैतला भोवळ आली. बिरप्पानं त्याच्या डोक्यावर घोंगडं टाकलं आणि त्याला ओढतच पुढं नेलं. वाटेत मेंढवाड्याची जागा लागली. तिथं बिरप्पाची बायको गोजाबाई दोनशे मेंढरं घेऊन महिनाभर मुक्कामाला होती. चरून, तुडवून जमीन साफ उघडी पडलेली, वर लेंड्यांचा थर. तिनं लोटक्यातून ताक दिलं, म्हणून पुढची चाल झाली.

बारा वाजता ते ओघळीच्या काठावर पालथे पडले. समोर, खडकाखाली, बीळ. दोन तास हालचाल नाही. मग एक पिल्लू बाहेर आलं. मागून दुसरं. मग तिसरं! शेवटी आई आली, बारीक, मातकट रंगाची, आणि थेट त्यांच्याकडे बघत उभी राहिली. अद्वैतचा कॅमेरा खटाखट वाजला. उत्कर्षानं मोबाईलवर जागेच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे घेतले. पुरावा मिळाला! संरक्षित प्राण्याचं बीळ असलेल्या जागेला कोण जांभळा रंग देईल?

"ह्यो आकडा कुटं जानार?" बिरप्पानं विचारलं.

"हरकतीला जोडायचा, मामा. मग हरकत कचेरीच्या फलकावर लागते. कुणालाही वाचता येते."

"कुनालाबी?" बिरप्पा थुंकला. "म्हंजी धोंडप्पाला बिळाचा पत्ताच द्यायचा की. बीळच न्हाय ऱ्हायलं तर तुमची हरकत कशावर उबी ऱ्हानार?"

"फोटोशिवाय लोक ऐकत नाहीत, मामा," अद्वैत म्हणाला.

पुढचं बोलणं राहूनच गेलं. बिरप्पानं नाक वर केलं. पश्चिमेला, सडकेच्या अंगाला, धूर उठला होता. एका ठिकाणी नाही. चार ठिकाणी.

"पेटवला त्या भाड्यानं," बिरप्पा म्हणाला. "पळा!"

वारा पश्चिमेचा. वाळलेलं गवत. आग धावत नव्हती, उड्या मारत होती! उत्कर्षा पळत सुटली. धुरानं डोळे मिटले. अद्वैत पडला. तिनं त्याची कॉलर धरली. उठवला. पुन्हा पळाली. डावीकडून आगीची दुसरी जीभ आली आणि वाट बंद झाली. "तिकडं न्हाय! माज्या मागं!" बिरप्पा ओरडला. घोंगडं तोंडावर घेऊन तो सरळ कमी उंचीच्या ज्वाळेत घुसला. दोघं त्याच्या मागोमाग! केस करपल्याचा वास आला. पायाखालचं गवत संपलं, लेंड्यांची भुसभुशीत जमीन लागली. मेंढवाडा.

"गोजा, बा! बा लगु!" घाईत बिरप्पाच्या तोंडी कानडी आली, ये, लवकर ये म्हणून. गोजाबाईनं मेंढरं आधीच मधोमध दाबून धरली होती. चौघं त्यांच्यात शिरले, उरलेली बाटली फडक्यांवर ओतून तोंडं झाकली. आग आली, वाड्याच्या कडेपर्यंत आली, आणि तिला खायला काहीच मिळालं नाही. दोन्ही बाजूंनी फुफाटत ती पुढं निघून गेली, पलीकडच्या ओढ्याच्या खडकांवर जाऊन विझली.

तासाभरानं सगळे उठले. माळ काळा झाला होता. सहाशे एकरांपैकी चारशे तरी गेले असतील. आता खरंच पडीक म्हणायला हरकत नव्हती, धोंडप्पानं तीच सोय केली होती.

"कुन्या मुडद्यानं लिवलं पयल्यांदा, पडीक म्हनून?" बिरप्पाचा आवाज फाटला. "त्यो शब्द नसता तर ह्यो धोंडप्पा आलाच नसता हितं."

उत्कर्षानं तोंडावरचं फडकं काढलं. "मी लिहिलं, मामा. न बघता लिहिलं."

अद्वैत तिच्याकडे बघतच राहिला. बिरप्पानं काठी इतकी घट्ट धरली की तिला वाटलं, आता बसते. बसली असती तरी तिनं तक्रार केली नसती. पण तो पाठ फिरवून राखेत चालत गेला. बराच वेळ गेला. मग तो एका ठिकाणी थांबला आणि खाली बघू लागला. राखेत पावलं उमटली होती. एक मोठं, तीन लहान. ओघळीतून निघून दूर गेलेली.

"गोजा," तो म्हणाला, "मेंढरं हितनं घाल."

दोनशे मेंढरं त्या पावलांवरून गेली. एक ठसा शिल्लक राहिला नाही.

"तुमची कोकरं नेते ना ती?" अद्वैतनं विचारलं.

"नेती की. वरसाला दोन-तीन. नेऊ दे. ती हाय तवर माळ हाय."

उत्कर्षानं मोबाईल काढला आणि जागेचे आकडे पुसले. अद्वैतकडे बघितलं. त्यानं शिवी हासडली, पण कार्डावरचे फोटो एकेक करून पुसले. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. बिरप्पा हे सगळं बघत होता. मग खाली बसला आणि काठीच्या लोखंडी टोकानं जळक्या मारवेल गवताचा एक ठोंब उकरू लागला. अर्धा तास उकरत होता. हातभर लांब मुळं बाहेर आली. नखानं बुडखा खरवडला, तर आत हिरवं.

"न्या. बगू दे तुमच्या सायबाला, पडीक कशाला म्हंत्यात."

दुसऱ्या दिवशी पाचला वीस मिनिटं कमी असताना उत्कर्षानं हरकत दिली. लांडग्याचा उल्लेख त्यात नव्हता. दोनच ओळी होत्या: 'सदर जमिनीची प्रत्यक्ष पाहणी झालेली नाही. पाहणी केली असे मी खोटे लिहिले.' खाली सही, तीच, जी पाहणीच्या मूळ तक्त्यावर होती. सोबत पोत्यात तो ठोंब.

साहेबांनी चष्मा काढला. "स्वतःच्याच सहीवर स्वतःची हरकत? बाई, नोकरी जाईल."

"माहीत आहे साहेब. आवक शिक्का मारा."

शिक्का बसला. चौथ्या दिवशी तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली, आणि त्याच आठवड्यात हरकती ऐकणाऱ्या समितीचा निर्णय: पाहणी खोटी निघाली, सबब माळाचा जांभळा रंग काढावा, पावसाळा संपल्यावर जागेवर जाऊन नव्यानं बघावं. आगीची फिर्याद बिरप्पानं वेगळी दिली.

साहेबांना दाखवून परत आणलेला ठोंब तिनं घरच्या बादलीत लावला होता. नोटिशीचं उत्तर लिहिता लिहिता तिचं लक्ष गेलं, तर काळ्या बुडख्यातून बोटभर हिरवी पाती वर आलेली. तिनं लगेच बिरप्पाला फोन लावला. पलीकडे मेंढरांचा गलका.

"मामा, फुटला! रोज दोन तांबे पाणी घालतेय."

त्यानं आधी मेंढरांना एक हाळी दिली.

"एवडं नगं घालू ताई," तो म्हणाला. "सवय न्हाय त्याला."