शालूबाईचे शेरे

या, असे जवळ सरका. कीर्तनाचे बुवा यायला अवकाश आहे, तोवर चिखलीच्या रंगराव मास्तरांची गोष्ट सांगतो. पांडुरंगाची शपथ, पदरचं एक अक्षर नाही.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले. मास्तर गणिताचे, ताळा जमल्याशिवाय कशाला मान डोलावणारे नव्हेत. रोज दुपारी ते बायकोला, शालूबाईला, पुस्तक वाचून दाखवत. तिला अक्षरओळख नव्हती, पण मत पक्कं. ती बोलेल ते मास्तर समासात पेन्सिलीनं टिपत. पाकशास्त्रावर शेरा: "ह्या बाईनं चूल पेटवली नाही कधी." काशीयात्रेवर: "सारं धर्मशाळेचंच सांगते हा. देव भेटला का नाही?" आख्यानांच्या पोथीवर: "इथं मले रडू आलं. पुन्हा वाचा."

एक कादंबरी निम्मी झाली आणि शालूबाई प्लेगात गेली. पुढची पानं छापखान्यातून आली तशी, कडेच्या घड्या न फोडता, जोडलेलीच राहिली.

दोन वर्षांनी पुस्तकांना वाळवी लागली. मास्तर ती नव्यानं बांधायला नजीर जिल्दसाजाकडे घेऊन गेले. बांधणीत कडा छाटतात. छाटल्या की शेरे गेले, आणि बायकोचं बोलणं त्यांच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

"कडेला हात लावू नको," मास्तर म्हणाले.

"वाकडी दिसतीन."

"दिसू दे."

नजीरनं कादंबरी उचलली. "ह्याची मागची पानं तं बंदच हायेत. यात लिहेल नसन. तेवढी छाटू ना?"

मास्तर हो म्हणाले.

नजीरनं पहिली घडी फोडली आणि सुरी थांबवली. "मास्तर, इथं बी लिहेल हाये."

अक्षर मास्तरांचंच. "हा दीर चांगला नाही. पाहा तुम्ही."

त्या घडीत पेन्सिल शिरायला जागाच नव्हती. मास्तरांनी सुरी आपल्या हाती घेतली आणि एकेक घडी फोडत मनाशी वाचत गेले. भर दुपार, बाहेर कापसाच्या गाड्यांचा खडखडाट. दहा पानांनंतर कादंबरीतला दीर खरंच फिरला. प्रत्येक घडीत शेरा. बोटाला पेन्सिलीची ताजी भुकटी लागत होती.

शेवटच्या घडीत होतं: "मनातल्या मनात काऊन वाचता? मले ऐकू येऊन नाही राह्यलं."

नजीरनं दाभण खाली ठेवलं.

मास्तरांनी घसा खाकरला. शेवटचं पान मोठ्यानं वाचलं.

मग समासावरचा अंगठा उचलला. त्याखाली पेन्सिलीची ओळ होती:

"संपलं? बरं. आता दुसरं काढा."

शालूबाईची आठवण असू द्या, बाबांनो. नाव मात्र मनातच घ्या. मोठ्यानं घेतलं, की तिला ऐकू जातं.